गोदाकाठची गर्दी

बारा वर्षांनी येणारा नाशिकचा सिंहस्थ म्हणजे आपल्या घरांची मोठी सहल. स्नान, नातलगांच्या भेटी, पोरांची मौज, सगळं एकाच फेरीत. आमच्या सासवा बैलगाडीत पीठ, डाळ, सरपण घालून निघायच्या. विकत घ्यायच्या त्या फक्त बांगड्या.

२००३ साल मात्र विसरता येत नाही. २७ ऑगस्टला, शाही स्नानाच्या दिवशी, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर, सरदार चौकात गर्दी अडकली. मिरवणुकीतून उधळलेली चांदीची नाणी वेचायला माणसं वाकली, असं तेव्हा सांगितलं गेलं. उतारावर पुढची रांग पडली की मागच्याला थांबता येत नाही. ३९ जीव गेले, त्यात बायका बऱ्याच होत्या.

२०१५ ला भाविकांचे रस्ते वेगळे केले, गाड्या शहराबाहेरच थांबवल्या. तसं काही घडलं नाही, पण पाय तुटेस्तोवर चालावं लागलं. आम्ही भाकरी-ठेचा घरूनच नेला होता, प्रत्येक लेकराच्या खिशात गावाचं नाव आणि फोन नंबराची चिठ्ठी. तरी येताना जीपवाल्याने दुप्पट भाडं घेतलं. आधी ठरवलं नव्हतं ना!

आता पुढचा सिंहस्थ २०२६-२८ चा. भाड्याचे पैसे आम्ही गटात दरमहा बाजूला टाकतोय. सिंहस्थ अनेक महिने चालतो, म्हणून पोरांना घेऊन साध्या दिवशी जायचं ठरवलंय. घरातल्या म्हाताऱ्यांना ते पटलेलं नाही. पर्वणी ती पर्वणी, म्हणतात.