शाराकुचे दहा महिने

आज ज्याच्याबद्दल बोलणार आहोत, त्या चित्रकाराची सगळी कारकीर्द जेमतेम दहा महिन्यांची आहे. नाव तोशुसाई शाराकु. गाव एदो, म्हणजे आजचं टोकियो. साल १७९४.

आधी थोडी पार्श्वभूमी बघू. काबुकी हे एदोतल्या सामान्य माणसाचं नाटक. १६२९ मध्ये सरकारने स्त्रियांना रंगमंचावर बंदी घातली आणि पुढे स्त्रीभूमिकाही पुरुषच करू लागले. अशा नटाला 'ओन्नागाता' म्हणतात. नवं नाटक लागलं की त्यातल्या नटांची रंगीत चित्रं दुकानात येत आणि चाहते ती विकत घेत. ही चित्रं लाकडी ठशांवरून छापलेली असत. चित्रकाराचं रेखाटन चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटं चिकटवायचं, कोरणाऱ्याने रेषा तेवढ्या उठावात ठेवायच्या, प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी करायची आणि मग छापणाऱ्याने एकेक रंग कागदावर उतरवायचा. या सगळ्यासाठी पैसे घालणारा तो प्रकाशक.

शाराकुचा प्रकाशक होता त्सुताया जुझाबुरो. १७९१ मध्ये लेखक सांतो क्योदेन याची पुस्तकं छापल्याबद्दल त्याला जबर दंड झाला होता. क्योदेनला तर ५० दिवस हातात बेड्या घालून ठेवलं होतं. अशा धक्क्यानंतर माणूस जपून पावलं टाकतो. त्सुतायाने मात्र १७९४ मध्ये एका अनोळखी चित्रकाराची २८ मोठी चित्रं एकदम बाजारात आणली. छातीपर्यंतची, चेहऱ्यावर भर देणारी, आणि मागे अभ्रकाच्या भुकटीची चमकती गडद पार्श्वभूमी.

यातली दोन चित्रं बघू. पहिलं ओतानी ओनिजी तिसरा याचं. तो एदोबेई नावाच्या गुंडाच्या भूमिकेत आहे, पैसे लुटायला निघालेला. मान पुढे, ओठ आवळलेले, कपड्यातून बाहेर आलेल्या हातांची बोटं फाकलेली. दुसरं सेगावा तोमिसाबुरो दुसरा याचं. भूमिका स्त्रीची, केशरचना आणि वस्त्रं स्त्रीची, पण चेहरा सरळसरळ पुरुषाचा. शाराकुने भूमिका दाखवली आणि तिच्या आत बसलेला माणूसही दाखवला.

माझ्या मते खरी अडचण इथेच झाली. चाहत्याला घरी न्यायची होती ती नाटकघरात पाहिलेली सुंदर स्त्री. तिचा जबडा कुणाला बघायचा होता? त्याच वर्षी उतागावा तोयोकुनीही नटांची चित्रमालिका काढत होता. त्याच्या चित्रांत नट देखणे दिसतात, ऐटीत उभे राहतात. तोयोकुनी पुढे अनेक वर्षं गाजला.

शाराकुचं काय झालं, ते त्याच्या चित्रांवरूनच कळतं. पुढच्या महिन्यांत मोठ्या कागदाच्या जागी बहुतेक अरुंद कागद येतो, नट पूर्णाकृती आणि लहान होतात, अभ्रक नाहीसं होतं, रेषाही सैल पडते. १७९५ च्या सुरुवातीला चित्रं थांबतात. तोवर १४० हून अधिक झाली होती. ओता नानपो या एदोतल्या लेखकाने नोंदवून ठेवलं आहे की शाराकुने नट फार खरे काढायचा प्रयत्न केला, म्हणून तो टिकला नाही. १७९७ मध्ये त्सुतायाही वारला.

शाराकु म्हणजे आवा संस्थानच्या पदरी असलेला नो नाटकाचा नट साइतो जुरोबेई, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. हे खरं असेल, तर एका नटानेच दुसऱ्या नटांचे मुखवटे उतरवले!

१९१० मध्ये युलिउस कुर्त या जर्मन अभ्यासकाचं शाराकुवरचं पुस्तक आलं आणि जगाचं लक्ष त्याच्याकडे वळलं. ज्या जबड्यामुळे चाहते बिचकले असतील, तोच बघायला आज लोक संग्रहालयात जातात. त्या चाहत्यांना मी अरसिक म्हणणार नाही. त्यांचं त्या नटावर प्रेम होतं. आपल्याला तो नट कधी रंगमंचावर दिसलाच नाही, म्हणून त्याचं खरं रूप बघणं आपल्याला सोपं जातं.