जखमीला उचलणार कोण? अंबरनाथचा पूल आणि कायद्याची दीडशे वर्षे

१/ २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवारची संध्याकाळ. अंबरनाथ पूर्व आणि पश्चिम यांना जोडणाऱ्या उड्डाणपुलावर एक मोटार चालकाच्या ताब्यातून सुटली आणि दुचाकींवर जाऊन आदळली. एक दुचाकीस्वार पुलावरून खाली फेकला गेला. चालकासह ४ जणांचा मृत्यू झाला. नगरपालिका निवडणुकीचे ते दिवस होते. सीसीटीव्हीतील दृश्य काही तासांतच राज्यभर पोहोचले.

२/ मोटार चालवत असतानाच चालकाला हृदयविकाराचा झटका आला, असे वृत्त आले. तसे असेल तर अपघातानंतरचा आपला पहिला प्रश्न, ‘चूक कोणाची?’, इथे निरुत्तर होतो. मागे उरतो तो दुसरा प्रश्न: रस्त्यावर पडलेल्याला उचलणार कोण? भारतीय कायद्याने पहिला प्रश्न १८६० साली विचारला. दुसऱ्याचे स्पष्ट उत्तर द्यायला १९८९ साल उजाडले. या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अंतराचा हा इतिहास.

३/ आरंभ बदलापूरपासून करणे उचित ठरेल. स्थानिक परंपरा सांगते की येथे घोडे बदलले जात, म्हणून हे बदलापूर. दूरच्या वाटेवर निघालेला स्वार येथे थांबे, दमलेला घोडा सोडून ताजा घोडा घेई आणि पुढे जाई. या आख्यायिकेत प्रवासाचा एक जुना नियम दडला आहे. वेगाची मर्यादा जनावराच्या दमावर ठरे, आणि तो दम डोळ्यांना दिसे. फेसाळलेले तोंड पाहून थांबावेच लागे.

४/ १२ मे १८५६ रोजी कल्याणच्या पुढे खोपोलीपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला. बदलापूरच्या परिसरातून आगगाडी धावू लागली आणि घोड्यांचे टप्पे मागे पडू लागले. त्यानंतर अवघ्या ४ वर्षांनी, १८६० मध्ये, भारतीय दंडसंहिता संमत झाली. तिच्या कलम २७९ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला किंवा स्वारी करणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती. कायदेकर्त्यांच्या नजरेसमोर होते घोडेस्वार, टांगे आणि बैलगाड्या.

५/ शिक्षा किती? ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८६० मध्ये १,००० रुपये ही मोठी रक्कम होती. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २८१ मध्येही बेदरकार वाहनचालनाच्या दंडाची कमाल मर्यादा १,००० रुपयेच आहे. घोड्याच्या काळातला आकडा मोटारीच्या काळातही जागचा हललेला नाही.

६/ निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे स्वतंत्र कलम, ३०४-अ, १८७० मध्ये दंडसंहितेत आले. त्याची कमाल कैद २ वर्षे होती. नव्या संहितेच्या कलम १०६ ने ती ५ वर्षांवर नेली. मात्र जुने आणि नवे, दोन्ही कलमे एकाच दिशेने पाहतात: ज्याने धडक दिली त्याच्याकडे. ज्याला धडक बसली त्याच्यासाठी पुढच्या १० मिनिटांत काय करायचे, याचे उत्तर त्यांत नाही. ते शोधायला दुसरीकडे जावे लागते.

७/ जगाची सुरुवातही अशीच झाली. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी आयर्लंडमध्ये मेरी वॉर्ड ही विज्ञानलेखिका वाफेवर चालणाऱ्या गाडीतून खाली पडून चाकाखाली मरण पावली. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही पादचारी स्त्री मोटारीखाली सापडली. चौकशीत एका साक्षीदाराने त्या मोटारीचा वेग आगीच्या बंबासारखा होता असे सांगितले. चालकाच्या मते तो ताशी ४ मैल होता.

८/ त्या काळचा आगीचा बंब घोडे ओढत. साक्षीदाराजवळ नव्या यंत्राचा वेग मोजायला जुनेच माप होते. निर्णय लागला, अपघाती मृत्यू. असे पुन्हा कधी घडू नये, अशी अपेक्षा चौकशी अधिकाऱ्याने व्यक्त केली. या प्रसंगात साक्षीदाराची भूमिकाही ठरून गेली. त्याने वेग सांगायचा, दिशा सांगायची, चूक कोणाची ते सांगायचे. अपघात पाहणारा म्हणजे पुरावा, ही समजूत येथूनच दृढ झाली.

९/ भारतात मोटारींसाठीचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा. मग १९३९ चा आणि त्यानंतर १९८८ चा. १९५६ च्या दुरुस्तीने नुकसानभरपाईसाठी दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली. जखमींच्या कुटुंबांसाठी हा मोठा आधार होता. पण साक्षीदाराचे महत्त्व वाढले तसे त्याचे ओझेही वाढले. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याचे नाव, पत्ता, जबाब, पंचनामा, मग न्यायालयाच्या तारखा. मदतीला धावणाऱ्याच्या वाट्याला हेलपाटे, न थांबता निघून जाणाऱ्याला मोकळा रस्ता.

१०/ १९८८ च्या कायद्याचे कलम १३४ अपघातातील चालकावरच जबाबदारी टाकते: जखमीला वैद्यकीय मदत मिळेल असे पाहा आणि पोलिसांना कळवा. मात्र त्यात एक अपवाद आहे. जमावाच्या संतापामुळे हे शक्य नसेल तर सवलत आहे. आपल्या रस्त्यांचे वास्तव या अपवादात उघडपणे उमटले आहे. अपघातस्थळी जमणारी गर्दी जखमीभोवती असण्याऐवजी चालकाभोवती असू शकते, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे.

११/ याच दशकांत कल्याणच्या पुढचा पट्टा झपाट्याने बदलत होता. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन उल्हासनगर हे नाव मिळाले. बरॅकींच्या वसाहतीचे बाजारपेठेत रूपांतर झाले. लष्करी आखणीच्या रस्त्यांवर हातगाड्या, टेम्पो आणि रिक्षा यांची दाटी झाली.

१२/ अंबरनाथमध्ये आयुध निर्माणी आणि काडेपेटीचा कारखाना, त्यापाठोपाठ औद्योगिक वसाहत. बदलापूरला मुंबईत घर न परवडणाऱ्यांची नवी वस्ती. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि बदलापूरची १,७४,२२६ होती. कल्याण–बदलापूर रस्ता या तिन्ही शहरांचा सामाईक कणा आहे. कारखान्यांचे टँकर, कामावरून परतणारे दुचाकीस्वार आणि स्थानकाकडे निघालेले पादचारी, सारे त्याच डांबरावर.

१३/ रस्त्यांवरच्या वाढत्या गर्दीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला तो एका स्कूटरस्वाराच्या मृत्यूमुळे. भरधाव मोटारीने त्याला उडवले. एका माणसाने त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेले. ‘हे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण आहे, त्यासाठी अधिकृत असलेल्या रुग्णालयात न्या,’ असे तेथे सांगण्यात आले. ते रुग्णालय सुमारे २० किलोमीटर दूर होते. वाटेतच जखमीचा प्राण गेला. हे वृत्त वाचून परमानंद कटारा यांनी याचिका दाखल केली.

१४/ २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल आला. न्यायालयाने म्हटले: जखमी निरपराध असो वा गुन्हेगार, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य जीव वाचवण्याचे आहे. पोलिसी सोपस्कार त्यानंतर. आणि या निकालाला व्यापक प्रसिद्धी द्यावी, असेही सांगितले. ‘उचलणार कोण’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळाले. रुग्णालयाचे दार उघडले. त्या दारापर्यंत जखमीला आणणाऱ्याची भीती मात्र तशीच राहिली.

१५/ १९९६ च्या आणखी एका निकालाचे स्मरण लोकलने ये-जा करणाऱ्यांनी अवश्य ठेवावे. पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर गाडीतून पडून डोक्याला जबर जखमी झाला. जागा नाही, सोय नाही, असे सांगत एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले. वेळेत उपचार न देणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली.

१६/ बघ्याची भीती मोजली ती सेव्ह लाइफ फाउंडेशनने. त्यांच्या २०१३ च्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले. प्रमुख कारण पोलीस चौकशी आणि न्यायालयाच्या खेपा. संस्थेने २०१२ मध्येच याचिका केली होती. मे २०१५ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले.

१७/ हे कलम आणि त्याखालचे नियम काय देतात? जखमीला मदत करणाऱ्यावर, मदत करताना झालेल्या चुकीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचे. एका वाक्यात सांगायचे तर, १८९६ पासून एकाच माणसात अडकलेल्या दोन भूमिका, साक्षीदाराची आणि मदतनीसाची, कायद्याने अखेर वेगळ्या केल्या.

१८/ अपघातानंतरचा पहिला तास म्हणजे ‘गोल्डन अवर’. त्याची व्याख्याही आता कायद्यातच आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची केंद्रीय योजना लागू आहे. हे सर्व हक्क कागदावर आहेत. ते वापरणारा माणूस जोवर थांबत नाही, तोवर ते कागदावरच राहतील.

१९/ आता चालकाच्या आसनाकडे वळू. २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी जोडलेल्या अपघातांतले. ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर म्हणजे वेग दीडपट, आघात सव्वादोन पट. एवढे गणित दहावीच्या पुस्तकातही आहे.

२०/ स्वीडनने १९९७ मध्ये ‘व्हिजन झिरो’ हे धोरण स्वीकारले. त्याचे सूत्र असे: माणूस चुकणार, त्याचे शरीर कधी दगा देणार, हे धरूनच रस्ता बांधावा आणि वेग ठरवावा. अंबरनाथच्या पुलावर ज्याची आठवण व्हावी असे हे सूत्र आहे. चालकाचे हृदय थांबणे कोणाच्याच हाती नव्हते. परंतु वाहनाचा वेग, पुलाच्या कठड्याची उंची, डोक्यावरचे हेल्मेट या गोष्टी माणसांच्या हातातल्या आहेत, आणि चूक कोणाचीही असली तरी त्यांवरच कोण वाचेल ते ठरते.

२१/ म्हणून पुन्हा बदलापूरच्या घोड्याकडे. तो दमला की स्वाराला कळे. मोटार दमत नाही. दमतो तो चालक, आणि त्याचा फेस कोणाला दिसत नाही. रात्रपाळी संपवून निघालेला, छातीत कळ येत असूनही ‘पोहोचू दे एकदा’ म्हणणारा, डोळे मिटत असताना काटई नाक्याहून बदलापूरकडे वळणारा, अशा प्रत्येकाने गाडी कडेला घेणे हाच जुना टप्पा पाळणे आहे. ज्या गावाचे नावच थांबून घोडा बदलण्याशी जोडले गेले, त्या गावाच्या वाटेवर तरी एवढे व्हावे.

२२/ आणि जो पाहतो त्याच्यासाठी: पुढच्या वेळी रस्त्यावर गर्दी दिसली तर मोबाइल वर करण्याआधी १०८ फिरवावा. चूक कोणाची, हे ठरवायला न्यायालयाजवळ वर्षे आहेत. जखमीजवळ एक तास आहे.

(धागा समाप्त)