वंध्यत्वोपचार (बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात)

गर्भनिरोधक साधने न वापरता वर्षभर नियमित शरीरसंबंध राहूनही गर्भ न राहिल्यास वैद्यकशास्त्र त्या अवस्थेला वंध्यत्व म्हणते. दोष स्त्रीत, पुरुषात किंवा दोघांतही असू शकतो, म्हणून तपासणी दोघांचीही एकाच वेळी सुरू व्हावी लागते. गावोगाव मात्र आधी सुनेलाच दवाखान्यात नेले जाते आणि साधी, स्वस्त वीर्यतपासणी लांबणीवर पडते, ही या उपचारांतील सर्वांत अन्यायकारक गोष्ट होय.

स्त्रीबीज वेळेवर पक्व होत नसेल, तर पाळीच्या सुरुवातीला लेट्रोझोलसारख्या गोळ्या देऊन बीजाची वाढ सोनोग्राफीने पाहिली जाते. आययूआय पद्धतीत वीर्य प्रयोगशाळेत धुऊन त्यातील चपळ शुक्राणू निवडतात आणि बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडतात. त्यासाठी निदान एक बीजवाहिनी, म्हणजे बीज गर्भाशयाकडे नेणारी नलिका, मोकळी असावी लागते. क्षयरोगाने वा अन्य संसर्गाने दोन्ही बीजवाहिन्या बंद झाल्या असतील, तर आयव्हीएफचा आधार घेतात. त्यात इंजेक्शने देऊन एकाच पाळीत अनेक बीजे वाढवली जातात, शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे ३४ ते ३६ तासांनी ती भूल देऊन सुईने शोषून घेतात, शरीराबाहेर त्यांचे फलन घडवतात आणि तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी तयार झालेला गर्भ गर्भाशयात ठेवतात. शुक्राणू फारच कमी असल्यास एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडला जातो. या पद्धतीला इक्सी म्हणतात.

महाराष्ट्रात आयव्हीएफने पहिले बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मले. त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे काम होते. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे याच तंत्रातील १९७८ मधील यश त्यांच्या हयातीत नाकारले गेले. पुढे त्यांच्या नोंदी तपासून त्यांना न्याय मिळवून देणारे आनंद कुमारच होते.

अशा उपचारांवरील २०२१ च्या कायद्याने प्रत्येक उपचारकेंद्राला नोंदणी सक्तीची केली असून पहिल्या स्तरावरील केंद्रांना केवळ आययूआय करता येते. बुलढाणा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे केवळ ८५५ मुली होत्या, त्यामुळे येथे कायद्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची ठरते: विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलसारख्या आनुवंशिक आजारासाठी गर्भाची जनुकीय तपासणी करता येते, परंतु त्याच तपासणीतून मुलगा निवडणे हा गुन्हा आहे.