समुद्राचा रंग टिपणारे उपग्रह

समुद्र सर्वत्र सारखाच निळा नसतो. खोल भागात तो गडद निळा, कोठे हिरवट, तर खाडीच्या मुखाशी मातकट दिसतो. या छटांची नोंद अवकाशातून घेता येते आणि कोकणातील मच्छिमारांच्या डिझेलच्या खर्चाशीही तिचा संबंध आहे.

रंग कसा मोजतात?

पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निळा विखुरते. वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती वाढल्या, की त्यांच्यातील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते व पाणी हिरवट दिसू लागते. निळ्या व हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून हरितद्रव्याचे प्रमाण काढले जाते. मात्र उपग्रहापर्यंत पोहोचणारा सुमारे ९० टक्के प्रकाश वातावरणातून विखुरलेला असतो. तो आधी वजा करावा लागतो.

भारताची वाटचाल

यासाठीचा पहिला संवेदक अमेरिकेच्या 'निंबस-७' उपग्रहावर १९७८ मध्ये अवकाशात गेला. 'इस्रो'ने २६ मे १९९९ रोजी 'ओशनसॅट-१' सोडला. त्याचा संवेदक प्रकाशाचे आठ पट्टे मोजत असे. २००९ मध्ये 'ओशनसॅट-२', तर २०२२ मध्ये १३ पट्टे मोजणारा 'ओशनसॅट-३' कक्षेत गेला.

मासेमारीसाठी सूचना

प्लवकांवर लहान मासे आणि त्यांच्यावर मोठे मासे जगतात. म्हणूनच हरितद्रव्य व पृष्ठभागाचे तापमान यांची सांगड घालून हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था संभाव्य मासेमारी क्षेत्रांची दिशा, अंतर व खोली मराठीसह किनारी भाषांतून कळवते. त्यामुळे माशांच्या शोधात जाणारा वेळ आणि इंधन वाचू शकते. मात्र ढगांखालचा समुद्र या संवेदकांना दिसत नाही. किनाऱ्यालगत गाळामुळे अंदाजही चुकू शकतो.

लोणारचा दाखला

रंगावरून बदल कळतो, कारण कळेलच असे नाही. जालन्याशेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले. 'लँडसॅट-८' उपग्रहाच्या २५ मे आणि १० जूनच्या प्रतिमांत हा फरक स्पष्ट दिसला. पण त्यामागे हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासल्यावरच कळले. समुद्राच्या बाबतीतही उपग्रहाचे आकडे जहाजांवरून घेतलेल्या नमुन्यांशी ताडून पाहावे लागतात. ही पडताळणी जितकी नेटकी, तितकी मच्छिमाराच्या हाती पडणारी सूचना भरवशाची.