शस्त्रक्रियेला पैसे मिळाले, मग पुढे? विशेष आरोग्यगरजा असलेल्या मुलांच्या खर्चाचा इतिहास, राळेगणसिद्धीच्या जिल्ह्यातून

१/ राळेगणसिद्धी म्हटले की पाणलोट, श्रमदान आणि माहितीचा अधिकार आठवतो. पारनेर तालुक्यातील या गावाचे नाव बालआरोग्याच्या इतिहासात क्वचितच घेतले जाते. परंतु अशा एखाद्या गावात वाकड्या पायांचे बाळ जन्मले, तर त्याच्या उपचाराचा खर्च कोणी उचलायचा, आणि किती वर्षे? या प्रश्नाला सुमारे नव्वद वर्षांचा इतिहास आहे. त्यातला मोठा भाग याच जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, घडला.

२/ आधी उपचार समजून घेऊ. जन्मतः वाकड्या असलेल्या पावलांवर आज जगभर पोन्सेटी पद्धत वापरतात. काही आठवडे दर आठवड्याला नवे प्लास्टर, मग बहुतेक बाळांच्या टाचेमागील शिरेवर एक छोटा छेद, आणि त्यानंतर पट्टीने जोडलेले विशेष बूट. पहिले तीन महिने ते जवळजवळ दिवसभर घालायचे आणि पुढे मूल चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत. बूट मध्येच सोडले तर पाय पुन्हा वाकडा होण्याचा धोका मोठा. छेद काही मिनिटांचा असतो, देखरेख चार वर्षांची. एसटीचे भाडे, आईची बुडालेली मजुरी, बूट लहान झाले का हे पाहणारे कोणीतरी माणूस, हा खर्च रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही.

३/ हा न दिसणारा खर्च कायद्याने प्रथम ठळकपणे मान्य केला तो अमेरिकेत. १४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली. रूझवेल्ट स्वतः पोलिओनंतर आधाराशिवाय चालू शकत नसत. त्या कायद्याच्या पाचव्या भागात अपंग मुलांसाठी वर्षाला २८.५ लाख डॉलरची तरतूद होती आणि राज्यांनी आपला वाटा घालणे बंधनकारक होते. रकमेपेक्षा शब्दरचना महत्त्वाची. पैसा केवळ शस्त्रक्रियेसाठी नव्हता. मुले शोधून काढणे, निदान, उपचार आणि नंतरची काळजी असे सारे टप्पे त्यात नमूद होते. ‘शोधणे’ हे सरकारी खर्चाचे काम आहे, ही कल्पना त्या काळात नवी होती.

४/ आपल्याकडे सुरुवात धर्मादायातून झाली. मुंबईत परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ चे. स्वातंत्र्याच्या सुमारास फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. आपल्या लेकीला मिळालेले उपचार इतर मुलांना मिळत नाहीत हे पाहून त्यांनी मुंबईत अशा मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय त्याच कामातून आले. काम थोर होते, पण पोहोच शहराची होती. पारनेरच्या माळरानावरून हाजीअलीला दर आठवड्याला कोण जाणार?

५/ या अडचणीवरचे उत्तर त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शोधले गेले. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. डॉक्टर गावोगाव पुरणार नाहीत हे त्यांनी आधीच ओळखले होते. गावानेच निवडलेल्या स्त्रिया, अनेकदा निरक्षर आणि कित्येकदा दलित, या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. आठवड्याला जामखेडला प्रशिक्षण आणि बाकीचे दिवस गावात काम. कोणत्या घरी कोणते मूल उभे राहत नाही, कोणाचे वजन वाढत नाही, हे त्यांना ठाऊक असे. जामखेडच्या कार्यशाळेत कृत्रिम पायही तयार होऊ लागले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या पुस्तकात या प्रयोगाची नोंद घेतली आणि १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘शोधणारे माणूस’ गावातच असावे, हे जामखेडने करून दाखवले. मात्र जामखेडचा पैसा संस्थेचा होता. जिथे संस्था नाही तिथे काय, हा प्रश्न उरलाच.

६/ १९७५ हे वर्ष लक्षात ठेवावे. त्याच वर्षी अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन राळेगणला परतले, आणि २ ऑक्टोबरला देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना, म्हणजेच अंगणवाडी, सुरू झाली. राळेगणचे काम पाण्याचे होते. माथ्यावर चर, मध्ये नालाबांध, खाली पाझर तलाव, आणि सरकारी योजनांच्या पैशाला गावाच्या श्रमदानाची जोड. यातली एक पायरी गाळली तर पाणी वाहून जाते. मुलांच्या उपचाराचेही तसेच असते, हे धोरणकर्त्यांना उमगायला आणखी अडतीस वर्षे लागली.

७/ दरम्यान महाराष्ट्राने खालची पायरी आधी बांधली. १९९७ ची जीवनदायी आरोग्य योजना गरीब कुटुंबांना हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोठ्या आजारांच्या उपचारासाठी मदत देत असे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पसरली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण आणि ९०० हून अधिक उपचार. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. हृदयाला छिद्र असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया आता पुणे-मुंबईत विनाखर्च होऊ शकत होती, पण त्या बाळाला छिद्र आहे हे कोणीतरी ओळखले असेल तर!

८/ ही उणीव ६ फेब्रुवारी २०१३ रोजी भरली जाऊ लागली. त्या दिवशी पालघर येथे (तेव्हा ठाणे जिल्हा) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले, ३० प्रकारच्या स्थिती: जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर (एक स्त्री, एक पुरुष), परिचारिका आणि औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, शाळेत एकदा. अमेरिकन कायद्यातले ‘शोधणे’ ७८ वर्षांनी भारताच्या अंदाजपत्रकात आले.

९/ यातला सर्वांत कमी चर्चिलेला, पण इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. त्याच्या आराखड्यात बालरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य आहेतच. शिवाय फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्रतपासनीस, विशेष शिक्षक, समाजसेवक, आणि या सर्वांची सांगड घालणारा व्यवस्थापक. म्हणजे ‘समन्वय’ या कामालाच पगार! तोवर हे काम आई विनामोबदला करत होती, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर चिठ्ठ्या घेऊन.

१०/ म्हणून आज राळेगणसारख्या गावातील मुलाचा मार्ग कागदावर असा दिसतो: अंगणवाडीत पथकाची तपासणी, मग ग्रामीण रुग्णालय, पुढे नगरचे जिल्हा रुग्णालय, गरज पडल्यास पुण्या-मुंबईची शस्त्रक्रिया आणि पुन्हा परत. प्रत्येक टप्प्याचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो. अंगणवाडी महिला व बालविकासची, पथक आरोग्य विभागाचे, शस्त्रक्रिया विमा योजनेची. पद रिक्त राहिले किंवा पथकाची गाडी बंद पडली, तर साखळी तिथेच तुटते.

११/ इथे राळेगणचा दुसरा वारसा उपयोगी पडतो. अण्णांच्या ऑगस्ट २००३ च्या मुंबईतील उपोषणाच्या पार्श्वभूमीवर राज्याचा माहिती अधिकार कायदा प्रत्यक्षात आला, आणि २००५ मध्ये देशाचा. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धर्मादाय रुग्णालयांसाठी कलम ४१ कक खालील योजना मंजूर केली. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बलांना सवलतीत, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. कोणत्या रुग्णालयाने धर्मादाय आयुक्तांकडे काय कळवले, कोणत्या पथकात किती पदे भरली, हे दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते.

१२/ विमा योजनांचा आणखी एक दोष उशिरा दुरुस्त झाला. त्या मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांचा खर्च देतात, तर सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलाला दाखल व्हायचे नसते. त्याला आठवड्यातून अनेकदा थेरपी हवी असते. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना थेरपी आणि बाह्यरुग्ण तपासणीही धरते. मर्यादा वर्षाला एक लाख रुपये.

१३/ राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फाइल मात्र अठराव्या वर्षी बंद होते. त्यानंतर तोच तरुण अपंगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जासाठी तहसील कार्यालयात उभा असतो. त्याच्या फिजिओथेरपीची नोंद नगरच्या केंद्रातच राहिलेली असते.