फरक ४१

फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गॅलिलिओच्या टिपणांचे एक बाड आहे, हस्तलिखित क्रमांक ७२. त्यातील ११६ व्या पानाच्या पाठीवर, सुमारे १६०८ साली काढलेली एक आकृती दिसते. उतरणीवरून घरंगळत आलेला गोळा टेबलाच्या कडेवरून आडवा सुटतो आणि वक्र मार्गाने खाली येतो. भोवती आकडेच आकडे. ३०० पुंती उंचीवरून सोडलेला गोळा ८०० पुंतींवर पडला (एक पुंतो म्हणजे मिलिमीटरहून किंचित कमी). आडवा वेग उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो आणि पडतानाही तो कायम राहतो असे धरले, तर ६०० पुंती उंचीवरून गोळा ११३१ वर पडायला हवा. तो पडला ११७२ वर. गॅलिलिओने शेजारी फरक लिहून ठेवला: ४१. १००० पुंती उंचीला हिशेबाचे १४६०, प्रत्यक्षातले १५००, फरक ४०.

या पानाचे पुढे जे झाले, ते साहित्याच्या अभ्यासकांना ओळखीचे वाटेल. गॅलिलिओच्या समग्र वाङ्मयाचे साक्षेपी संपादक आंतोनिओ फावारो यांनी ते आपल्या आवृत्तीत घेतले नाही. नुसत्या आकृत्या आणि आकडे, त्यात ‘मजकूर’ तो काय! पुढे अलेक्सांद्र कोयरे यांच्यासारख्या थोर इतिहासकाराने गॅलिलिओचे बरेचसे प्रयोग केवळ विचारातले ठरवले. १९६१ मध्ये थॉमस सेटल यांनी उतरणीचा प्रयोग जुन्याच साधनांनी पुन्हा करून दाखवला, आणि १९७३ मध्ये स्टिलमन ड्रेक यांनी हे पान उजेडात आणले. पाठ वगळला की लेखकाचे चरित्रही बदलते, हे आपण संतवाङ्मयाच्या संदर्भात नेहमी म्हणतो. इथे वगळलेला पाठ आकड्यांचा होता, एवढेच.

मात्र दोष एकट्या संपादकाचा नाही. १६३८ साली लायडनला छापलेल्या ‘दोन नव्या विज्ञानां’च्या ग्रंथात खुद्द गॅलिलिओनेच ही मोजमापे दिली नाहीत. चौथ्या दिवशी साल्व्हियाती लॅटिन प्रबंध वाचतो, तिघे मित्र इटालियनमध्ये चर्चा करतात आणि प्रक्षेप्याचा मार्ग अन्वस्त असल्याचे भूमितीने सिद्ध होते. हवेचा अडथळा येईल, ही शंका सिंप्लिचिओ काढतो. साल्व्हियाती ती मान्यही करतो. म्हणजे फरकाला संवादात जागा मिळाली, पण शंका म्हणून. ४१ म्हणून नव्हे. नजरकैदेतल्या, दृष्टी गमावलेल्या त्या वृद्धाला ग्रंथ निर्दोष दिसायला हवा होता, हे समजण्यासारखे आहे.

आज महाविद्यालयांत हाच प्रयोग संगणकाच्या नियंत्रणाखाली दाखवता येतो. अंतर सांगावे, संगणक कोन आणि वेग काढतो, प्रकाशसंवेदक गोळ्याचा वेग टिपतो, गोळा बरोबर पेल्यात पडतो. विद्यार्थी टाळ्या वाजवतात. गोळा चुकला तर आज्ञावलीत एक गुणक बदलतात, पुढच्या खेपेस तो चुकत नाही. तो गुणक म्हणजेच हवा, घर्षण, गोळ्याचे घरंगळणे. पडद्यावर मात्र तो कुठे उमटत नाही. असे यंत्र बांधणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: वक्राशेजारी एक रकाना ठेवावा, हिशेबाचे अंतर, पडलेले अंतर आणि फरक. गोळा पेल्याबाहेर पडला तरी चालेल.