'डायल एच' : उसन्या शक्तीचे मोल

'डायल एच' ही अमेरिकेतील डीसी कॉमिक्सने २०१२-१३ मध्ये प्रसिद्ध केलेली चित्रकथा-मालिका आहे. ब्रिटिश कादंबरीकार चायना मिएव्हिल हे तिचे लेखक असून आरंभीच्या अंकांची चित्रे मातेउस सांतोलुको यांनी रेखाटली.

मूळ कल्पना १९६६ मधील आहे. 'हाऊस ऑफ मिस्टरी'च्या १५६ व्या अंकात लेखक डेव्ह वूड आणि चित्रकार जिम मूनी यांनी रॉबी रीड हा किशोर प्रथम सादर केला. अद्भुत तबकडीवर 'हीरो' या शब्दाची इंग्रजी अक्षरे फिरवताच तो काही काळापुरता महानायक होई, तोही दर वेळी निराळा. १९८१ मध्ये सुरू झालेल्या नव्या कथांसाठी वाचकांकडूनच नायकांच्या कल्पना मागविण्यात आल्या.

मिएव्हिल यांनी ही तबकडी एका जुन्या टेलिफोन बूथमध्ये आणली. बेकार, स्थूल आणि प्रकृतीने खचलेला नेल्सन जेंट मारहाण होत असलेल्या मित्रासाठी मदत मागण्यास तेथे शिरतो आणि धूर ओकणारा 'बॉय चिमनी' बनून बाहेर पडतो.

ही शक्ती लवकरच ओसरते; मात्र परकी व्यक्तिमत्त्वे त्याच्या मनाचा ताबा घेऊ पाहतात. स्वतःची ओळख हरवू नये म्हणून नेल्सनची वयोवृद्ध सहकारी रॉक्सी प्रत्येक रूपावर तोच झगा आणि मुखवटा चढवते. पुढे उलगडते, की ही सामर्थ्ये अन्य विश्वांतील नायकांकडून हिरावलेली असतात. त्यामुळे एकाला वाचवताना दुसरा कोणी निराधार होतो का, हा या विलक्षण मालिकेचा गाभ्याचा प्रश्न ठरतो.